शेवटच्या रांगेतून

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यासारखीच मीही एका उपयोजित कला महाविद्यालयातून बाहेर पडले. वर्गातले बहुतेक जण जाहिरात संस्थांत गेले, काही अ‍ॅनिमेशनमध्ये गेले. मी एका नाट्यगृहात गेले आणि तिथेच रमले. आज अठरा वर्षं झाली. माझ्या नेमणूकपत्रावर ‘डिजिटल आर्टिस्ट’ असं लिहिलंय. म्हणजे नेमकं काय करतेस, असं माझी आत्या अजूनही विचारते. आज तिला आणि तुम्हाला एकदमच सांगून टाकते.

सकाळी मी पुढच्या महिन्याची कार्यक्रमपत्रिका लावते. दुपारी लॉबीतल्या पडद्यांवर संध्याकाळच्या प्रयोगाची पाटी चढवते. शुभारंभाचा प्रयोग असेल तर नाटकाचं पोस्टर, वर्तमानपत्रातली जाहिरात, मोबाइलवर फिरणारं छोटं चित्र आणि रस्त्यावरचा मोठा फलक, असं एकाच विषयाचं चार मापांतलं काम असतं. ज्या नाटकात किंवा नृत्याच्या कार्यक्रमात मागच्या पडद्यावर दृश्यं लागतात, तिथे ती दृश्यं तयार करणं, प्रोजेक्टरची जागा ठरवणं, प्रकाशयोजनाकाराबरोबर बसून कुठल्या क्षणी काय दिसेल आणि काय विझेल हे लिहून काढणं, हेही माझ्याकडे असतं. प्रयोग सुरू झाला की मी विंगेत किंवा प्रकाशाच्या केबिनमध्ये असते. माझं नाव लोकांना सहसा ठाऊक नसतं. पण तिकीट काढण्याच्या विचारापासून घरी परतेपर्यंत प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर जे जे येतं, त्यातलं बरंचसं माझ्या हातून गेलेलं असतं. ही जबाबदारी मला फार मोलाची वाटते.

या कामाने मला एक गोष्ट शिकवली आणि आज तेवढीच सांगायला मी आले आहे. आपलं काम शेवटच्या रांगेत जाऊन बघायचं असतं.

हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका नाटकासाठी मी पावसाचं दृश्य केलं होतं. मागच्या पांढऱ्या पडद्यावर बारीक पाऊस, त्यात ओल्या कौलांची रांग. महिनाभर राबले होते. माझ्या मॉनिटरवर तो पाऊस इतका देखणा दिसायचा की येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तो थांबवून दाखवत असे. रंगीत तालमीच्या रात्री आमचे प्रकाशवाले काका माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “अगं, इथून काय बघतेस? वर चल.” त्यांनी मला बाल्कनीच्या अगदी शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर नेऊन बसवलं.

नाटकाच्या शेवटी एक प्रसंग होता. आई रंगमंचावर एकटी उभी आहे, दिवे एकेक करत विझतात, संपूर्ण काळोख होतो आणि त्या काळोखात फक्त तिचा आवाज उरतो. दिवे विझले. काळोख मात्र झाला नाही. मागच्या पडद्यावर राखाडी रंगाचा एक मोठा चौकोन लख्ख दिसत होता आणि त्या चौकोनासमोर, संवाद संपवून हलक्या पावलांनी विंगेत जाणाऱ्या नटीची सावली. ज्या क्षणासाठी दोन तास सगळं नाटक चालत आलं होतं, तो क्षण माझ्या चौकोनाने खाऊन टाकला होता.

त्या रात्री मला कळलं की प्रोजेक्टरला काळा रंग दाखवता येत नाही. काळा म्हणजे उजेड नसणं, आणि प्रोजेक्टर तर मुळात दिवाच. फाइलमध्ये कितीही गडद काळा भरा, भिंगातून थोडा उजेड झिरपतोच. माझ्या टेबलावर, ट्यूबलाइटखाली तो कधी दिसला नव्हता. डोळे काळोखाला सरावलेल्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला तो दिसणारच होता. काकांनी काळा पुठ्ठा कापला, त्याला वर काळ्या टेपची बिजागरी केली, सुतळी बांधली आणि प्रोजेक्टरच्या भिंगासमोर ते झाकण टांगलं. सुतळीचं टोक माझ्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी शुभारंभाच्या प्रयोगात दिवे विझले, मी सुतळी सोडली, आणि सभागृहात खराखुरा काळोख पसरला. आईचा आवाज आला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या नेपथ्याच्या मुलाने डोळे पुसले. महिनाभर रंगवलेल्या पावसाने मला इतकं समाधान दिलं नव्हतं, जितकं त्या एका झाकणाने दिलं. आता चांगल्या प्रोजेक्टरमध्ये शटर असतं, एका बटणावर ते बंद होतं. पण ते कधी बंद करायचं, हे बटणाला ठाऊक नसतं.

मित्रहो, आपला धंदा नवा आहे असं लोक म्हणतात, आपल्यालाही तसं वाटतं. मला ते पटत नाही. आपल्या आधी या वाटेने फार मोठी माणसं चालून गेली आहेत.

कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९०च्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने बारीक चित्रं रंगवायची, दिव्याचा उजेड त्यातून पडद्यावर टाकायचा, काचा सरकवून पात्रं हलतात असा भास निर्माण करायचा आणि सोबत निवेदन, संवाद, संगीत. पटवर्धनांची मुलंही या खेळात होती. बघणाऱ्यांसमोर पुराणातल्या कथा उजेडातून उभ्या राहत. छोट्या काचेवरचा देव पडद्यावर गेल्यावर गर्दीच्या टोकाला बसलेल्या माणसाला ओळखू आला पाहिजे, म्हणून कुठली रेघ जाड हवी आणि कुठला रंग पातळ हवा, याचा हिशेब ब्रश धरणाऱ्या हाताला ठेवावा लागतो. आज आपण प्रोजेक्शनच्या फाइली करताना तोच हिशेब करतो.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव पेंटर नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवत. राजवाडा, अरण्य, रस्ता. वीत-दीड वीत अंतरावरून ब्रश चालवायचा आणि नजर मात्र पिटातल्या शेवटच्या बाकावर ठेवायची. बाबूराव पुढे सिनेमाकडे वळले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ आला. आपल्या चित्रपटांची पोस्टरंही बाबूराव स्वतः रंगवत. पडदा, कॅमेरा आणि पोस्टर या तिन्हींत त्यांचा एकच हात होता. आज आपल्याला ‘मल्टिमीडिया’ म्हणून जे शिकवलं जातं, ते त्यांनी शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलंय.

आणि कमल शेडगे. मराठी नाटकांची नावं त्यांनी अक्षरांतून अशी उभी केली की वर्तमानपत्रातली जाहिरात दिसताच नाटकाचा स्वभाव कळावा. त्यांच्याजवळ ना रंग होते, ना हालचाल. होता तो वर्तमानपत्राचा स्वस्त कागद, काळी शाई आणि आजूबाजूला दहा नाटकांच्या जाहिरातींची गर्दी. चहा पिता पिता पान उलटणाऱ्या माणसाचं बोट त्या गर्दीत एका शब्दावर थांबलं पाहिजे. ही त्यांची शेवटची रांग. २०२० साली ते गेले. त्यांची अक्षरं जिथे मिळतील तिथे जवळून बघा. एखादी उकाराची शेपटी किंवा शिरोरेषेतली खाच कथेचं किती ओझं उचलते, ते दिसेल.

अक्षरांचा विषय निघाला म्हणून माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते. ती सांगताना अजूनही घसा दाटतो.

एका ज्येष्ठ रंगकर्मीचं निधन झालं आणि आमच्या नाट्यगृहात श्रद्धांजली सभा ठरली. घाईचं काम होतं. फोटो आला, नाव मोबाइलवर आलं. मी ते नाव उचललं आणि लॉबीतला पडदा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तसंच चिकटवलं. माझ्या संगणकावर सगळं नीट दिसत होतं. त्यांच्या आडनावात ‘ऱ्हा’ होता. लॉबीतल्या पडद्यावर तो तुटला. ‘र’ एकीकडे, पाय मोडल्याचं चिन्ह मधे लोंबकळतंय आणि ‘हा’ तिसरीकडे. मी सभागृहात होते, मला ते कळलंच नाही. त्यांच्या पत्नी दारातून आत आल्या, पडद्यासमोर थांबल्या आणि बराच वेळ त्या नावाकडे बघत राहिल्या. मी बाहेर आले तेव्हा मला म्हणाल्या, “बाळ, एवढं नीट करता येईल का?” रागाचा एक शब्द त्यांनी काढला नाही. आयुष्यभर ज्या माणसाने शब्द स्वच्छ उच्चारले, त्याचं स्वतःचं नाव त्याच्याच नाट्यगृहाच्या दारात मोडून पडलं होतं.

त्या दिवसापासून पडद्यावर जाणारं प्रत्येक मराठी अक्षर मी आधी चित्रात बदलून घेते, मग पाठवते, आणि पाठवल्यावर स्वतः पडद्यासमोर जाऊन वाचते. मोठ्याने वाचते. तुम्हीही असंच करा. देवनागरी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून, १९९१पासून, जगाच्या संगणकांत आहे. र. कृ. जोशींसारख्या अक्षरमहर्षीने ‘मंगल’ हा फॉन्ट घडवला, तो कोट्यवधी संगणकांवर पोहोचला. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्त’ आणि ‘बलू’सारखे फॉन्ट सगळ्यांना मोफत वापरायला दिले. तरीही एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर जुळवण्याचा योग्य पर्याय निवडला नाही तर वेलांटी उडी मारते आणि ‘किरण’चं ‘करिण’ होतं. जुन्या नाटकांच्या फाइली जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या असतात, त्यातला मजकूर नवीन फॉन्टमध्ये टाकला की निव्वळ चिन्हांचा खच पडतो. आपला मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे आहेत. अनेक फॉन्टमध्ये ते दडलेले असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की बाहेर येतात. हे काम दोन क्लिकचं आहे, पण ते करणारा माणूस लागतो. तो माणूस तुम्ही व्हा. कुणाचं तरी नाव तुमच्या हातात असतं.

लॉबीतलाच आणखी एक धडा. संध्याकाळी पडद्यावर पाच-सहा कार्यक्रमांच्या पाट्या एकामागून एक फिरतात. मी प्रत्येक पाटीला पाच सेकंद दिले होते, कारण टेबलावर बसून मला पाच सेकंद भरपूर वाटत होते. एके दिवशी एक आजोबा त्या पडद्यासमोर उभे दिसले. हातात चष्म्याचं घर. चष्मा काढेपर्यंत पाटी बदलली. चष्मा लावला, वाचायला सुरुवात केली, नाटकाचं नाव वाचून झालं आणि तारखेपर्यंत पोहोचताना पाटी पुन्हा बदलली. ते तिथेच थांबले. सगळ्या पाट्या फिरून ती परत येईपर्यंत थांबले. तिसऱ्या फेरीला त्यांनी बोटाने हवेत तारीख गिरवली आणि बुकिंगच्या खिडकीकडे वळले. मी जिन्यात उभी राहून बघत होते. त्याच रात्री मी पाटीची वेळ बारा सेकंद केली, हलणारी सजावट काढून टाकली, आणि तारीख व वेळ नाटकाच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत घातली. आमच्या पडद्याची चमक थोडी कमी झाली असेल. पण खिडकीवर ‘प्रयोग कधी आहे हो?’ असं विचारणारी माणसं कमी झाली, हे बुकिंगच्या ताईंनी आपणहून येऊन सांगितलं.

आता थोडं तुमच्या रोजच्या कामाविषयी. मराठी रंगभूमीवर एका नाट्यगृहात एका दिवशी दोन-दोन, कधी तीन वेगवेगळे प्रयोग होतात. दुपारचा प्रयोग संपला की एक नेपथ्य उतरतं, टेम्पोत चढतं, दुसरं आत येतं. मधे तुमच्या वाट्याला अर्धा तास आला तर नशीब. म्हणून तुमचं काम असं बांधा की पंधरा मिनिटांत जुळेल. चौकटीच्या रेघांचं एक चाचणीचित्र नेहमी जवळ ठेवा. ते पडद्यावर टाकून आधी कडा बसवा, मग बाकीचं. दौऱ्यावर सांगलीला, नागपूरला, मडगावला प्रोजेक्टर वेगळा मिळेल, पडद्याचं माप वेगळं असेल. मुंबईत पृथ्वी थिएटरसारख्या जागेत प्रेक्षक रंगमंचाला तीन बाजूंनी वेढून बसतात, सगळे मिळून दोनशेच्या आसपास. एनसीपीएच्या टाटा थिएटरमध्ये हजारावर खुर्च्या. पहिल्या जागी एक पापणी हललेली दिसते, दुसऱ्या जागी तेच दृश्य वाचायला अख्खं आभाळ लागतं. एकच फाइल दोन्हीकडे चालत नाही. ज्या सभागृहात काम करायचंय तिथे आधी जा, रिकाम्या खुर्च्यांत फिरा.

पडद्यावर दृश्य करताना नटाच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. माणसाचा डोळा हलत्या आणि उजळ गोष्टीकडे आधी धावतो. मागे लाटा उसळत असतील तर पुढे बोलणाऱ्या नटीकडे कोण बघणार? तुमची लाट तिच्या वाक्याच्या आधी उसळू द्या, वाक्याच्या वेळी निवू द्या. प्रकाशयोजनाकाराला विचारल्याशिवाय एकही फ्रेम पक्की करू नका, कारण त्याचा दिवा तुमच्या पडद्यावर पडला की तुमचे रंग धुऊन निघतात आणि तुमचा उजेड नटाच्या अंगावर पडला की प्रकाशयोजनेचं सगळं काम बिघडतं. नेपथ्याच्या माणसांशी, पडदा ओढणाऱ्याशी, डोअरकीपरशी बोलत राहा. प्रेक्षक कुठे अडखळतो हे डोअरकीपरला सगळ्यांत आधी कळतं.

तुम्हाला पैशांची आणि मानाची अडचण येईल, तेही मोकळेपणाने सांगते. ‘एवढंच तर बदलायचंय’ हे वाक्य तुम्हाला रात्री अकरा वाजता ऐकू येईल. कामाआधी लिहून घ्या : किती मापं, किती बदल, कधीपर्यंत, किती मोबदला, आणि नावाचा उल्लेख कुठे. हे मागण्यात उद्धटपणा नाही. माझ्या पहिल्या काही वर्षांत मी ते मागितलं नाही, आणि माझ्यानंतर आलेल्या मुलामुलींनाही त्यामुळे ते मागणं जड गेलं, याचं मला वाईट वाटतं.

आणि यंत्राची भीती. तुमच्यापैकी अनेकांच्या मनात ती आहे, मला दिसते. एक वाक्य लिहिलं की यंत्र क्षणात चित्र काढून देतं. पावसाचं चित्र ते कदाचित माझ्यापेक्षा देखणं काढेल. कच्चा आराखडा म्हणून त्याचा वापर केलात आणि तसं उघड सांगितलंत, तर माझी हरकत नाही. एक गोष्ट मात्र करू नका. नटाच्या चेहऱ्यावर त्याने कधी दिला नाही असा भाव यंत्राकडून चढवून घेऊ नका. तो चेहरा ही त्याची कमाई आहे, आणि पोस्टर हे प्रेक्षकाला दिलेलं वचन आहे. यंत्र बाल्कनीत जाऊन बसत नाही. चष्मा शोधणाऱ्या आजोबांना ते बघत नाही. ‘बाळ, एवढं नीट करता येईल का’ हे शब्द त्याच्या काळजाला लागत नाहीत. तुम्हाला लागतील, आणि म्हणून तुमची गरज राहील.

आणखी एक रांग आहे, ती आपल्याला दिसत नाही : पुढे येणाऱ्या माणसांची. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली, १९१५पासून उभी असलेली वास्तू. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. बातमी ऐकून आमच्या नाट्यगृहातलं कुणी त्या रात्री झोपलं नाही. आपल्याकडे काय उरलंय ते बघायला मी माझ्या जुन्या हार्ड डिस्क काढून बसले. पहिल्या दोन वर्षांची पोस्टरं ज्या सीडीवर होती, ती उघडेना. काही फाइली उघडल्या तर फॉन्ट नाही. एका गाजलेल्या प्रयोगाचे फोटो होते, पण त्यात कोण कोण उभं आहे हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं, आणि सांगणारे काका तोवर गावी निघून गेले होते. प्रयोग रात्री संपतो, तो पुन्हा कधीच तसा होत नाही. त्याचा जो माग उरतो, तो बहुतेक आपल्या फाइलींत उरतो. म्हणून काम संपलं की फाइलीला तारीख द्या, नावं लिहा, फॉन्ट सोबत ठेवा, आणि दोन वेगळ्या जागी जपा. पन्नास वर्षांनी आपल्या रंगभूमीवर अभ्यास करायला बसणारी एखादी मुलगी तुमच्या फोल्डरच्या दाराशी उभी असेल. तिला आत येता आलं पाहिजे.

आज तुमच्या आई-वडिलांच्या चेहऱ्यांकडे मी बघते आहे. तेही तुमच्यापासून बरेच लांब, मागच्या रांगांत बसले आहेत. व्यासपीठावर कुणाचं नाव पुकारलं जातंय ते नीट ऐकू यावं म्हणून काही जण पुढे वाकले आहेत. तुमच्या कामाकडे येणारा प्रत्येक माणूस असाच कुणीतरी लांबून, आशेने, पुढे वाकून आलेला असतो. त्याला नीट दिसेल असं काम करा.

काका निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. रंगीत तालमीच्या रात्री मी अजूनही बाल्कनीत जाते, त्याच कडेच्या खुर्चीवर बसते. गेल्या वर्षापासून माझ्याबरोबर एक नवी मुलगी येते, तुमच्याच वयाची. पहिल्या दिवशी ती लॅपटॉप उघडून खाली बसली होती. मी तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, “इथून काय बघतेस? वर चल.”

तुमच्या हातांना यश येवो, आणि तुमच्या उजेडात समोरच्या माणसाचा चेहरा स्वच्छ दिसो. मनापासून शुभेच्छा.